तुझ्यासाठी ओसाकाहून आणलेला बांगडा

आये, मी कोण ते आठवतंय का? नाही ना? वाटलंच मला. शेवटच्या वर्षात तुला नुकता खाल्लेला भात आठवत नव्हता, तर सून कुठली आठवायला! मी तुझं ताट उचलून मोरीत घासायला नेलं, की तू उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस, "सकाळपास्ना पोटात काय नाय गो माज्या. सून उपाशी ठेवता माका." आणि हनुवटीवर अजून कालवणाचा ओघळ असायचा. तर मी तुझी तीच सून. मरोळच्या बैठ्या चाळीतली, नळाजवळच्या खोलीतली. तू होतीस तोवर तुला 'तुम्ही, तुम्ही' करत जन्म काढला. आता तूच म्हणणार. उठून ये आणि काय करायचं ते कर.

हे मी सांगते आहे आणि माझी सून लिहिते आहे. मला अक्षरओळख नाही हे तुला ठाऊक आहे. तुलाही नव्हती, म्हणजे तिथे तुला कुणाकडून तरी वाचूनच घ्यावं लागणार. खणखणीत आवाजाचं कुणीतरी बघ, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. माझी सून मुलुंडची. तिच्या माहेरी सगळे कचेरीतले, हीसुद्धा कचेरीत टायपिंग करते. मला तोंडावर म्हणते, "आई, जरा दमाने सांगा हो, मी काय मशीन आहे?" तुला असं कुणी बोललं असतं तर तू तिचं गाठोडं बांधून माहेरी धाडलं असतंस. मी नुसती हसते. आत्ताच म्हणाली, "आई, हा कागद मी जपून ठेवणार. पुढे मला तुम्हाला लिहायचं असेल तेव्हा नमुना म्हणून उपयोगी पडेल." लिही म्हटलं, हेसुद्धा लिही.

तर बातमी अशी, की मी जपानला जाऊन आले. ऐकलंस ना? नीट ऐक. आपल्या पत्र्यावरून जी विमानं जातात, ज्यांच्या आवाजाने तुझी दुपारची झोप मोडायची आणि तू दारात येऊन त्यांच्या नावाने हात झाडून शिव्या घालायचीस, त्यातल्याच एकात मी बसले. विमान उडालं तेव्हा खिडकीला नाक लावून खाली आपला पत्रा दिसतो का बघत होते. दिसला नाही. पण तू जिथे जळलीस त्याच्या वरून मात्र नक्की गेले असेन, असं मी मनाशी धरलं आणि पाय जरा ताणून घेतले.

मी गेले लेकीच्या बाळंतपणाला. जावई मरोळच्याच कारखान्यात रेडिओचे भाग करतो. त्याला मालकांनी शिकायला ओसाकाला पाठवलं, लेक बरोबर गेली, तिथेच दिवस राहिले. लेक म्हणजे तीच गं, जी पोटात असताना मी एकदाच, एकच दिवस, बांगड्याच्या तिकल्यातला, त्या तिखट कालवणातला, मधला तुकडा स्वतःच्या ताटात घेतला होता. तेव्हा पाहुणे होते, तुझा भाऊ आणि भावजय. मला तर रोजच्यासारखं डोकं वाढलेलं. आपल्या घरात बांगड्याचे तीन तुकडे, मधला बाप्यांना आणि तुला, शेपटी पोरांना, डोकं सुनेला. "डोक्यात रस आसता, खा," म्हणायचीस. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, पोटातलीच मागत असेल, टोपातून मधला तुकडा उचलला. तू बघितलंस. ओरडली असतीस तर चाललं असतं. तू शांतपणे हात लांब केलास, माझ्या भातावरून तो तुकडा उचललास, माझ्या भाताचं एक शीत त्याला चिकटलं होतं ते झटकलंस, आणि आपल्या ताटात ठेवून म्हणालीस, "मधलो तुकडो तुझ्या बापाशीन धाडल्यान काय?" तुझी भावजय फिसकन हसली. मी डोकं खाल्लं.

त्याचं उट्टं काढायचं हे तेव्हाच ठरलं होतं. पण तू मेल्यावरसुद्धा माझ्या पुढे एक पाऊल राहिलीस. दहाव्याला पिंड ठेवले, आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे बसलेत, माना वाकड्या करून बघतायत, पण एक खाली उतरत नाही. तुझ्या लेकाचं हात जोडून सगळं कबूल करून झालं, धाकट्याचं लग्न लावू, गावचं घर शाकारू. ऊन डोक्यावर आलं. पाठीमागे चाळीतल्या बायका उभ्या, आणि आपली शेजारीण, भिंतीपलीकडची तीच, पदर तोंडाला लावून कुजबुजली, "उपाशी गेली ना बिचारी, कसा शिवेल?" शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि म्हणाले, झालं, चला. झालं कसलं? गवताच्या कावळ्याने तुझं भागलं, माझं नाव गेलं. त्यानंतर किती वर्षं नळावर हंडा लावला की बायका बोलायच्या थांबायच्या. मी, जिने तुला भाताची पेज फुंकून फुंकून भरवली, ती सासूला उपाशी मारणारी. तुझ्या फोटोला हार घालताना मी दर वेळी तुझ्याकडे बघून दात खाते ते तुला दिसत असेल.

ते राहू दे. ओसाकाचं ऐक, म्हणजे तुझा जीव चांगला जळेल. बाळंतपण नीट झालं, बाळी गुटगुटीत झाली, आणि मी परत यायच्या आधी लेक म्हणाली, "आई, आलीस तशी स्वयंपाकघरातच राहिलीस. आज चल, तुला गाव दाखवते. आज खरेदी आणि मजा, बाकी काही नाही." मी म्हटलं, "अगं, आणि बाळी?" तर जावयाने रजा काढलेली! बाळीला झोळीत घालून छातीशी बांधली आणि चालायला लागला. पुरुषमाणूस, भर रस्त्यात, बाटली हातात. आये, तू तिथे असतीस तर जागच्या जागी पुन्हा मेली असतीस. म्हणून मी मुद्दाम त्याच्या शेजारून चालले.

पहिल्यांदा घेतले मोजे. तिथल्या मोज्यांना अंगठ्याचं घर वेगळं असतं, म्हणजे मोजे घालून वर चपला घालता येतात. माझ्यासाठीच कुणीतरी शिवल्यासारखे. नऊवारी लुगडं, पांढरे मोजे, चपला, आणि वर लेकीचा लोकरीचा कोट. शाळेच्या पोरी माझ्याकडे बघून तोंडावर हात ठेवून खिदळायच्या, आणि मग वाकून वाकून फोटो मागायच्या. मला दोन्ही बाजूंनी धरून, दोन बोटं वर करून. मीही केली दोन बोटं. मी तिथे बघायला गेले होते की मला बघायला सगळे आले होते, कळेना. तू मला कधी गावच्या जत्रेला नेलं नाहीस, "घर कोण बघतला?" म्हणून. घर बघायला मी, आणि बांगड्या भरून यायला तू. बघ आता, एवढ्या लांबच्या पोरींनी माझे फोटो आपल्या घरी नेलेत.

मग एका गल्लीत शिरलो, तिथे नुसती टीव्हीची, रेडिओची, कॅसेटची दुकानं. गाणी एवढ्या मोठ्याने की बाळी जागी होईल म्हणून मी तिचे कान झाकले. एका दुकानाच्या दारात टीव्ही रचून ठेवलेले, भिंतीसारखे, आणि सगळ्यांत एकच म्हातारी. लुगडं नेसलेली. मी लेकीला म्हटलं, "अगं, इथेही आपल्याकडची कुणीतरी बाई आहे बघ, टीव्हीवर लागलीय." लेक हसता हसता खाली बसायची राहिली. "आई, तूच आहेस ती! हात हलवून बघ." हलवला. सगळ्या टीव्हीतल्या म्हाताऱ्यांनी हात हलवला. वरती एक कॅमेरा टांगून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला गंमत म्हणून. मी तिथून हलेना. पदर नीट केला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. आये, शेजारणीकडे पहिल्यांदा टीव्ही आला तेव्हाचं आठवतं तुला? नाही आठवणार. तू संध्याकाळी सगळ्यांच्या पुढे जाऊन बसायचीस, पाय पसरून, आणि मी इकडे पाट्यावर वाटण वाटत भिंतीपलीकडून नुसता आवाज ऐकायची. चित्रपट संपल्यावर विचारलं, काय झालं हो शेवटी, तर म्हणायचीस, "विसारलंय." दर वेळी! तेव्हा तर तुझी आठवण शाबूत होती. म्हटलं, बस आता बघत. मी सगळ्या टीव्हीत एकदम आहे, आणि पुढे बसायला तू नाहीस.

आणखी एक दुकान होतं, त्यात सिनेमानाटकातल्या माणसांचे फोटो. तिथे एक नाटक फार चालतं म्हणे, त्यात सगळी कामं बायकाच करतात, बाप्यांचीसुद्धा. आपल्या दशावतारात बाप्ये लुगडी नेसून राणी होतात ना, तिथे उलटं. कोट, पाटलोण, केस मागे वळवलेले, आणि ऐट अशी की तुझे दोन्ही लेक तिच्यापुढे हमाल दिसतील. पोरी त्या बाईच्या फोटोसाठी रांगेत उभ्या होत्या, मीही राहिले. घेतला एक. घरी आल्यावर तुझ्या फोटोशेजारी लावलाय. हार एकच आहे, तो एक दिवस तुला आणि एक दिवस तिला.

पुढे नदीकाठी खाण्याच्या दुकानांची रांग, आणि एका दारावर कुर्ली. खोटी, पण केवढी! आपल्या चाळीच्या दोन खोल्या झाकल्या जातील एवढी. आणि पाय हलवते. डोळे वर काढून, दारावर ठाण मांडून, येईल-जाईल त्याच्याकडे बघत नांग्या हलवते. जावई म्हणाला, "काय आई, घाबरलात?" मी म्हटलं, "घाबरते कशाला? हिच्या हाताखाली मी संसार केलाय." लेकीला कळलं. तिने तुझ्या नावाने हात जोडले तिथेच, रस्त्यात, आणि आम्ही दोघी हसून हसून वेड्या झालो. जावई बिचारा बाळीला थोपटत उभा.

आता मुख्य गोष्ट. त्या दुकानांच्या बाहेर काचेत ताटं मांडलेली असतात. भात, मासा, शेवया, तळलेली कोळंबी, सगळं वाढून ठेवलेलं. वाचता येत नसलं तरी चालतं, बोट दाखवायचं. जावयालाही तिथलं धड वाचता येत नाही, तोही बोटच दाखवतो. मी म्हटलं, "उघड्यावर ठेवतात, माशा बसत नाहीत?" लेक नुसती हसली आणि मला एका बाजारात घेऊन गेली. तिथे हॉटेलवाल्यांची भांडी मिळतात, आणि त्यातच एका दुकानात ही सगळी ताटं विकायला. मी गेले ती थेट मासळीकडे. बांगड्यासारखाच मासा, पाठीवर तेच निळे-हिरवे पट्टे, तुकडे करून मांडलेला, कातडी भाजून जराशी फुगलेली, कडेला तेल सुटलेलं. मी आपली सवयीने पुढे झाले आणि अंगठा दाबला. तूच शिकवलं होतंस मला, मरोळच्या बाजारात, अंगठा रुतला तर मासळी शिळी, हात मागे घे. अंगठा रुतेना! एवढी ताजी मासळी मी जन्मात बघितली नव्हती. आणखी जोरात दाबला. नाकाला लावला, वास नाही. कोळणीला सांगतात तसं मी दुकानवालीला सांगायला लागले, "बाय, मासळी झकास आहे, पण हिला वास कसा नाही?" ती बाई वाकली, मी वाकले, ती पुन्हा वाकली. लेक डोळे पुसत म्हणाली, "आई, प्लास्टिकची आहे ती."

मी तो तुकडा हातात धरून उभी राहिले. मधला तुकडा होता. आये, मला दुसरं काही सुचलंच नाही, एकदम तू डोळ्यांपुढे आलीस. म्हटलं, हा घ्यायचा. हिने मला गवताचा कावळा दाखवला, मी हिला प्लास्टिकचा बांगडा दाखवते. किंमत विचारू नकोस, लेकीनेही सांगितली नाही. दुकानवालीने भेटवस्तू असते तसा रंगीत कागदात बांधून, वर फीत लावून दिला. तिला काय माहीत कुणासाठी.

मग जेवायला बसलो. मी काचेतल्या ताटावर बोट ठेवलं, आणि आतून खराखुरा मासा आला, अख्खा, डोक्यापासून शेपटीपर्यंत, माझ्या एकटीच्या ताटात. कुणी त्याच्यातलं काही उचलून नेलं नाही. मधला तुकडा मी एकटीने खाल्ला, हे जरा मोठ्या अक्षरात लिही गं.

परत आले, काही महिने गेले, पितृपक्ष लागला. म्हाळाच्या दुसऱ्या दिवशी मासळीची वाडी, पितरांचं पान, ठेवायची ही आपल्या घरची रीत, भटजी नाक मुरडोत. मी केळीचं पान घेतलं, त्यावर भात, वडे, सांबारं, आणि मधोमध तुझा तुकडा. वर जराशी आमटी सोडली, तिरफळाच्या वासासाठी. सून म्हणाली, "आई, नका हो असं करू. कावळा नाही शिवला तर पुन्हा चाळभर होईल." खरं होतं तिचं. शेजारीण आपल्या दारात येऊन उभीच होती, दर वर्षी असते, माझा कावळा बघायला. एवढी वर्षं मी दर म्हाळाला धसका घेऊन त्या पत्र्याकडे बघते, आणि या वेळी स्वतःच्या हाताने खोटा मासा मांडत होते. एकदा शेजारणीकडे बघितलं. पण ठेवला. म्हटलं, जायचं ते नाव एकदा गेलंय, आणखी काय जाणार!

पान पत्र्यावर सरकवलं आणि मी हात धुवायला वळले तेवढ्यात तो आला. एकच. म्हातारा, मानेवरची पिसं गेलेली. वड्यांकडे बघितलं नाही, भाताकडे बघितलं नाही, सरळ मधल्या तुकड्यावर. ठक. मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. अगदी तुझा डोळा गं, तोच, ताटावरून हात फिरवतानाचा. पुन्हा ठक, ठक. आणि मग उचलला की चोचीत, आणि उडाला शेजारणीच्या पत्र्यावर. शेजारणीने दोन्ही हात जोडले. "अगो बाय, बघा बघा! सासूने कसा चटकन घास उचलला! सुनेचं केलेलं पोचलं हो!" नळावरच्या बायकांनी मान हलवली. एकीने तर मला हळदीकुंकवाला बोलावलं. दहाव्याला गेलेलं माझं नाव प्लास्टिकच्या तुकड्याने परत आणून दिलं. मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं रडतेय.

आणि ऐक, संपलं नाही. तो तुकडा शेजारणीच्या पत्र्याच्या पन्हळीत अडकून बसलाय. कावळा रोज येतो. सकाळी ठक, दुपारी ठक, तिची झोप नाही. काल मला म्हणाली, "वहिनी, तुमच्या सासूबाईंचा जीव आमच्या पत्र्यात अडकलाय की काय हो? काहीतरी राहिलं असेल त्यांचं." मी म्हटलं, "राहिलं असेल. त्यांना मधला तुकडा फार आवडायचा." आये, लागत नाही ना दात? चालू दे. आपल्याला काही घाई नाही.

इथवर सांगितलं आणि सुनेने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आई, खरं सगळं सांगायचं ठरलंय ना? मग त्या दिवशी आपण जेवायला बसलो तेव्हाचं सांगा." मी म्हटलं, ते नको. ती म्हणाली, "मग मी नाही लिहीत." बघ, ही आजकालची सून. तर सांगते, पण एवढंच. वाडी ठेवून झाल्यावर हिने आम्हाला वाढलं. माझ्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा, चांगला जाड, तिने मुद्दाम निवडलेला. तो मी बघत बसले. मग माझा हात आपोआप टोपात गेला आणि डोकं घेऊन आला. गालफड फोडलं, रस ओढला, डोळा चोखला, आणि पोट भरलं. मधला तुकडा तसाच राहिला, तो सुनेने खाल्ला. ओसाकालाही तसंच झालं होतं, मघाशी मोठ्या अक्षरात लिहिलंय ते खोडायला हवं. लेक म्हणत होती, "आई, आज तरी मधला खा की गं," आणि मी त्या माशाचं डोकं आधी घेतलं, तेवढ्यावरच मन भरलं, आणि बाकीचा तिला सारला. मला डोकंच आवडतं, आये. तुझ्यामुळे. माझ्या जिभेलाही तूच वळण लावून गेलीस, ते काही परत मिळत नाही.

आणि हे तुला कळलं तर तू तिथे मांडी थोपटून हसशील, "सांगत होतंय ना, डोक्यात रस आसता!" म्हणून हे पत्र काही मी पाठवत नाही. सून घडी घालून तुझ्या फोटोमागे ठेवते म्हणते. नको म्हटलं, तिथून तू चोरून वाचून घेशील कुणाकडून तरी. त्या पाटलोणवाल्या बाईच्या मागे ठेव.

पण तिथून काही धाडता येत असेल, तर तुझ्या हातचं बांगड्याचं तिकलं धाड. तिरफळं सढळ हाताने घाल, कोकम जुनं घे. आणि तुकडा मधलाच धाडायचा, डोकं धाडायचं नाही. मी खाईन नाहीतर मांजरीला घालीन, तू विचारायचं नाहीस.